विजेते घडवणारं वसतिगृह

फलंदाज बॅट सावरतो आणि चेंडू येण्याआधी जर्सीचा छातीवरचा भाग मुठीत घट्ट धरतो. आत गळ्यात ताईत असतो. ऐंशीच्या दशकात ही मूठ दिसली की जपानमधल्या भल्याभल्या शाळांच्या पोटात गोळा यायचा. ही खूण पीएल गाकुएनची. ओसाकाच्या दक्षिणेला तोंदाबायाशी इथे ‘परफेक्ट लिबर्टी’ या धार्मिक पंथाने 1955 मध्ये ही शाळा काढली आणि पुढच्याच वर्षी तिथे बेसबॉल सुरू झाला.

जपानमध्ये शालेय बेसबॉल म्हणजे कोशिएन. उन्हाळी राष्ट्रीय स्पर्धा 1915 मध्ये सुरू झाली आणि 1924 पासून ती कोशिएनच्या मैदानावर रंगते. आपापल्या प्रांतातून जिंकून आलेले संघ इथे भिडतात आणि एक सामना हरला की गाशा गुंडाळायचा. वसंतात निवडक संघांची आणखी एक स्पर्धा होते.

पीएलचं नाव घरोघरी पोचलं 1978 च्या उन्हाळ्यात. उपांत्य सामन्यात चुक्यो संघाविरुद्ध शेवटच्या, म्हणजे नवव्या इनिंगमध्ये पीएल 0-4 असं मागे होतं. तिथून बरोबरी साधली आणि बाराव्या इनिंगमध्ये सामना खिशात घातला. अंतिम फेरीत कोची शोग्योविरुद्ध पुन्हा नववी इनिंग, पुन्हा 0-2 ने मागे. आणि तीन धावा काढून विजेतेपद. शेवटचा फलंदाज बाद होईपर्यंत पीएलला हरलेलं समजू नये, ही ख्याती तेव्हापासूनची.

1980 मध्ये जुन्जी नाकामुरा प्रशिक्षक झाले. 1998 पर्यंतच्या त्यांच्या कारकिर्दीत पीएलने कोशिएनवर 58 सामने जिंकले, फक्त 10 गमावले. शाळेच्या एकूण सात विजेतेपदांपैकी सहा त्यांची. 1987 मध्ये तर वसंत आणि उन्हाळा दोन्ही. आडदांड फटक्यांपेक्षा शरीराच्या योग्य हालचालींवर त्यांचा भर असे.

त्यांच्या हाताखालची सर्वांत गाजलेली जोडी म्हणजे मासुमी कुवाता आणि काझुहिरो कियोहारा. 1983 मध्ये दोघेही पहिल्या वर्षाला होते. इकेदा शाळेचा संघ त्या वेळी दादा मानला जाई. पंधरा वर्षांच्या, अंगाने लहानखुऱ्या पिचर (गोलंदाज) कुवाताने उपांत्य सामन्यात त्यांना एकही धाव दिली नाही, वर स्वतः होमरन मारली, निकाल 7-0. शाळेतल्या तीन वर्षांत ही जोडी मिळतील त्या पाचही कोशिएन स्पर्धा खेळली. कुवाताचे 20 विजय, कियोहाराच्या 13 होमरन आणि दोन विजेतेपदं. 1985 च्या नोव्हेंबरात व्यावसायिक संघांनी खेळाडूंची निवड केली. कियोहाराला लहानपणापासून योमिउरी जायंट्सची ओढ. विद्यापीठात जाणार म्हणून सांगणाऱ्या कुवाताला जायंट्सने उचललं आणि कियोहारा चिठ्ठीतून सेइबू संघाकडे गेला. भर पत्रकार परिषदेत त्याला रडू आवरलं नाही.

कोशिएनच्या जाणकारांना 20 ऑगस्ट 1998 ही तारीखही तोंडपाठ असते. योकोहामा शाळेचा दाइसुके मात्सुझाका पीएलविरुद्ध 17 इनिंगमध्ये 250 चेंडू टाकत राहिला आणि योकोहामा 9-7 ने जिंकलं. शाळकरी मुलाच्या खांद्यावर इतका भार टाकावा का, हा वाद त्यानंतर पेटला. सामन्याची कमाल मर्यादा 2000 पासून 18 वरून 15 इनिंगवर आली.

मैदानावरच्या या वैभवाची दुसरी बाजू वसतिगृहात होती. पहिल्या वर्षाचा मुलगा तिसऱ्या वर्षाच्या खेळाडूच्या दिमतीला दिला जाई. त्याचे कपडे धुवायचे, खाणं करायचं, अंग रगडून द्यायचं. मोठ्यांशी बोलताना ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच, हसायचीही चोरी. चुकलं की मार. हे सगळं माजी खेळाडूंनीच पुढे उघडपणे सांगितलं आहे, काहींनी अभिमानाने, काहींनी शहारत. मारहाणीच्या घटनांवरून संघावर बंदीची कारवाई झाली, तरी चाल बदलली नाही.

2013 च्या आरंभी ओसाकातल्या दुसऱ्या एका शाळेत प्रशिक्षकाच्या मारामुळे विद्यार्थ्याने जीव दिल्याचं उघड झालं आणि देश हादरला. तेव्हा मारझोडीविरुद्ध जाहीरपणे बोलणाऱ्यांत कुवाता आघाडीवर होता. निवृत्तीनंतर वासेदा विद्यापीठात त्याने याच विषयाचा अभ्यास केला होता. मार खाऊनच खेळाडू तयार होतो, या समजुतीला त्याचा ठाम विरोध होता. त्याच सुमारास पीएलमध्ये पुन्हा मारहाण झाली आणि संघाला सहा महिने घरी बसावं लागलं. पुढे बेसबॉल न खेळलेल्या मुख्याध्यापकांकडे प्रशिक्षकपद आलं. पंथाचे अनुयायी रोडावत होते, शाळेची पटसंख्याही घसरत होती. 2014 मध्ये नव्या खेळाडूंची भरती थांबवल्याची घोषणा झाली.

15 जुलै 2016 रोजी ओसाकाच्या स्थानिक स्पर्धेत उरलेली 12 मुलं 6-7 ने हरली आणि साठ वर्षांचा संघ संपला.

केन्ता माएदा, कोसुके फुकुदोमे, काझुयोशी तात्सुनामी, शिन्या मियामोतो ही पुढे नावाजलेली खेळाडू मंडळी पीएलचीच. त्यामुळे ‘त्या शिस्तीतूनच हिरे निघाले’ असं म्हणणाऱ्यांची कमी नाही. पण त्याच वसतिगृहातून तावूनसुलाखून निघालेला सर्वांत यशस्वी पिचर कुवाता त्याच्या उलट सांगतो, आणि माजी खेळाडूंच्या संघटनेचं अध्यक्षपद घेऊन संघ पुन्हा उभा राहावा म्हणून तो झटलाही. जिंकण्याची विद्या पीएलकडे भरपूर होती. धाकट्यांना सांभाळण्याची नव्हती, आणि धाकटे येईनासे झाले की कुठलाही संघ उरत नाही.