जखमेवरचें जेल आणि त्यांतील पाणी

मधुमेहाच्या रुग्णाच्या तळपायाला जखम झाली आणि ती महिनोन्‌महिने भरून आली नाहीं, म्हणजे साऱ्या घराच्या जिवाला घोर लागतो. पायाची संवेदना कमी झालेली असल्यामुळें ती जखम दुखत नाहीं. आणि न दुखणारी जखम हीच अधिक घातक. दुर्लक्ष झालें तर ती चिघळते आणि शेवटीं पाय कापण्याचाही प्रसंग येतो. अशा जखमेवर लावण्याकरितां डॉक्टर कधीं कधीं एक लहानशी ट्यूब लिहून देतात. तींत खळीसारखें दाट जेल असतें, आणि ती ट्यूब थंड जागीं, बहुधा फ्रिजमध्यें, ठेवावी, पण गोठूं देऊं नये, अशी सूचना वेष्टनावर असते. साध्या मलमाला न लागणारी ही बडदास्त ह्या जेलला कां लागते, हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाहीं.

ह्या जेलमधील गुणकारी द्रव्य म्हणजे पेप्टाइड, किंवा त्याचाच थोरला भाऊ प्रथिन. अमायनो आम्लांचे लहान लहान रेणु माळेंतील मण्यांप्रमाणें एकापुढें एक गुंफले गेले कीं पेप्टाइड तयार होतें. अमेरिकेंतील शास्त्रज्ञ स्टॅन्ले कोहेन ह्यांनीं १९६२ सालीं उंदराच्या लालाग्रंथींतून असाच एक पदार्थ वेगळा केला. तो टोचला असतां उंदराच्या नवजात पिल्लांचे डोळे नेहमींपेक्षां कित्येक दिवस आधीं उघडत. पुढें त्याला त्वचावर्धक घटक असें म्हणतां येईल असें नांव मिळालें, आणि १९८६ सालीं कोहेन ह्यांना रिता लेव्ही-माँटाल्चिनी ह्यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक लाभलें. मानवी शरीरांतील ह्या घटकाच्या माळेंत ५३ मणी असतात. त्याचें जेल भारतांतही जखमांसाठीं वापरलें जातें.

अशी माळ शरीराबाहेर टिकवावयाची तर ती कोणत्या द्रवांत ठेवावी, हा पहिला प्रश्न. त्याचें महत्त्व इन्शुलिनच्या इतिहासांत उत्तम रीतीनें दिसून येतें. १९२१ सालीं कॅनडांतील टोरँटो येथें बँटिंग व बेस्ट हे स्वादुपिंडांतून इन्शुलिन काढावयाच्या खटपटींत होते. त्याच ग्रंथींत प्रथिनें पचविणारे रसही असतात. नुसत्या पाण्याच्या अर्कांत ते इन्शुलिनचाच फडशा पाडावयाचे. म्हणून त्यांनीं मद्यार्काचा आश्रय केला. तथापि ११ जानेवारी १९२२ रोजीं एका १४ वर्षांच्या मुलाला दिलेला अर्क अशुद्ध निघाला आणि गुण फारसा आला नाहीं. मग त्यांचे सहकारी कॉलिप ह्यांनीं मद्यार्काचें प्रमाण पायरीपायरीनें वाढवीत नेलें. एका मर्यादेपर्यंत अशुद्ध द्रव्यें तळाशीं बसत आणि इन्शुलिन द्रवांत राही. त्यापुढें गेल्यावर खुद्द इन्शुलिनच तळाशीं येई. २३ जानेवारीस तोच मुलगा ह्या शुद्ध अर्कानें सुधारूं लागला. मूळ औषध तेंच होतें; भेद होता तो द्रावकाच्या प्रमाणांत.

पेप्टाइडाचा सर्वांत जवळचा मित्र पाणी, आणि वैरीही पाणीच. पाण्यावांचून बहुतेक पेप्टाइडें नीट विरघळत नाहींत. पण पाण्यांत असतांना त्यांचे कांहीं मणी हळूहळू बदलतात. अ‍ॅस्परजीन नांवाच्या मण्याशेजारीं ग्लायसिन हा मणी आला, तर ती जागा फारच नाजूक समजावी. अशी जोडी मध्यभागीं असलेलें पांच मण्यांचें एक साधें पेप्टाइड शरीराइतक्या उष्णतेंत आणि रक्ताइतक्या आम्लतेंत ठेवलें असतां सुमारें एका दिवसांत निम्मेंअधिक बिघडतें. दुसरा वैरी हवेंतील प्राणवायु. तो मेथायोनीन ह्या मण्यावर झडप घालतो, आणि वर सांगितलेल्या त्वचावर्धक घटकांत एकविसावा मणी नेमका तोच आहे. तिसरा धोका म्हणजे रेणूंनीं एकमेकांना चिकटून गठ्ठे बांधणें.

आम्लता थोडी वाढविली कीं अ‍ॅस्परजीनचा बिघाड पुष्कळदां मंदावतो. परंतु हा नियम सर्वांना सरसकट लागू करतां येत नाहीं. पूर्वीं इन्शुलिनचें द्रावण बरेंच आम्ल ठेवीत; तेथें साखळीच्या टोंकाचा अ‍ॅस्परजीनच बदलूं लागे. पुढें तें उदासीन करण्यांत आलें. मधल्या एका आम्लतेवर तर इन्शुलिन विरघळतच नाहीं, तळाशीं बसतें. सारांश, प्रत्येक पेप्टाइडाची प्रकृति निराळी, आणि पथ्यही निराळें.

पाणी काढून टाकतां येत नसेल तर निदान त्याला गुंतवून ठेवावें, ही पुढची युक्ति. गृहिणीला ती चांगली ठाऊक आहे. मुरांब्यांत ओलावा असतो, पण तो साखरेनें धरून ठेवलेला असतो, म्हणून मुरांबा वर्षभर टिकतो. ग्लिसरिन हेंच काम करतें. शिवाय तें प्रथिनाच्या पृष्ठभागाला फारसें लगटत नाहीं. त्यामुळें रेणु आपली घडी घट्ट मिटून बसतो. प्रॉपिलीन ग्लायकॉल व मद्यार्क हेही पाण्याचा जोर कमी करतात आणि लहान पेप्टाइडांच्या बाबतींत अ‍ॅस्परजीनचा बिघाड मंद करतात. पण मोठ्या साखळीची घडी आंतल्या तेलकट भागांच्या परस्पर ओढीवर उभी असते. ह्या द्रवांचें प्रमाण फार झालें कीं ती ओढ ढिली पडते आणि घडी उलगडूं लागते. पॉलिएथिलीन ग्लायकॉलची तऱ्हा आणखी निराळी. तें हवेंत राहिलें कीं त्यांत पेरॉक्साइडें तयार होतात, आणि तीं मेथायोनीनचा घात करतात. म्हणून तें घ्यावयाचें तर अगदीं ताजें व शुद्ध घ्यावें लागतें.

द्रावक ठरला तरी काम संपत नाहीं, कारण त्याला दाटपणा आणणारें द्रव्य निवडावयाचें असतें. कार्बोमरसारख्या द्रव्यांच्या लांब धाग्यांवर ऋण विद्युत्‌भार असतो. पेप्टाइडावर धन भार असेल तर तें त्या धाग्यांना जखडून बसतें आणि जखमेपर्यंत पोंचत नाहीं. अशा वेळीं भाररहित सेल्युलोज बरें. शिवाय दाट जेलमध्यें रेणूंची ये-जा मंदावली, म्हणून त्यांचा बिघाड थांबला असेंही नव्हे. कारण प्रत्येक रेणूभोंवतीं पाणी असतेंच.

ह्या सगळ्या तडजोडी एकाच ट्यूबमध्यें पाहावयाच्या तर मधुमेही पायांच्या जखमांसाठीं १९९७ सालीं अमेरिकेंत मान्यता मिळालेलें बेकाप्लर्मिन जेल पाहावें. त्याच्या एका ग्रॅममध्यें औषध असतें अवघें १०० मायक्रोग्रॅम. बाकी सारें पाणी, त्याला दाटपणा देणारें सोडियम कार्बोक्सिमेथिल सेल्युलोज, आम्लता एका अंकावर बांधून ठेवणारें सिरक्यांतील आम्ल व त्याचा क्षार, मीठ, लायसिन, आणि जंतु वाढूं नयेत म्हणून पॅराबेन व मेटाक्रेसॉल. इतकें करूनही तें २ ते ८ अंश सेल्सियसमध्यें ठेवावें लागतें, कारण थंडीनें सर्वच बिघाड मंदावतात. पण गोठवूनही चालत नाहीं. बर्फ होतांना शुद्ध पाणी वेगळें होतें आणि औषध, मीठ व आम्ल उरलेल्या थोड्या द्रवांत कोंडलीं जातात.

कांहीं ठिकाणीं निर्मात्यांनीं तडजोडीऐवजीं वियोगाचा मार्ग पत्करला. प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगावरील ल्युप्रोलाइड हें ९ मण्यांचें पेप्टाइड. २००२ सालीं अमेरिकेंत मान्य झालेल्या त्याच्या एका औषधांत दोन सिरिंज येतात. एकींत पेप्टाइडाची कोरडी पूड, तर दुसरींत एन-मिथिल-पायरोलिडोन ह्या द्रावकांत विरघळलेलें बहुवारिक. टोचण्यापूर्वीं दोन्ही मिसळावयाचीं आणि अर्ध्या तासाच्या आंत वापरावयाचीं. शरीरांत गेल्यावर द्रावक निघून जातो, पाणी आंत शिरतें, आणि मिश्रण घट्ट होऊन औषध संथपणें सोडूं लागतें. पाण्याची भेट शेवटच्या क्षणापर्यंत टाळली, हेंच ह्या योजनेचें मर्म.

ह्या विवेचनाचा घरगुती अर्थ साधा आहे. अशी ट्यूब खिडकींत किंवा फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यांत ठेवूं नये. टोपण उघडें टाकूं नये. आणि जेल लवकर वाळावें म्हणून त्यांत स्पिरिट, किंवा मऊ राहावें म्हणून दुसरें मलम, आपल्या मनानें मिसळूं नये. अलीकडे पेप्टाइडाची पूड विकत घेऊन ती हाताशीं असेल त्या जेलमध्यें कालविण्याची हौसही कांहीं ठिकाणीं दिसते. तसें मिश्रण दिसावयास तितकेंच स्वच्छ असतें. बिघडलेल्या पेप्टाइडाला बहुधा ना वास येतो, ना रंग. जेल डोळ्यांना जसेंच्या तसें दिसतें, जखमेवर तें रोज नेमानें लावलें जातें, आणि भरून येण्याचे मोलाचे दिवस मात्र निघून जातात.