बयाणा देण्याआधी जमिनीचा दर्जा पाहा

भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यातील आंधळगाव कोशाच्या कापडासाठी ओळखले जाते. अशा गावात विणकराला मागाची जागा वाढवायची असते, रंगाऱ्याला भट्टी मांडायची असते, सुतार-लोहाराला शेड टाकायची असते. गावठाणात जागा पुरत नाही, म्हणून नजर लगतच्या शेताकडे जाते. सौदा ठरतो, बयाणा दिला जातो आणि परवानगीचा विचार मागाहून होतो. आमच्या मते हा क्रमच उलटा आहे. अर्ज अडला की धंद्याची पुंजी जमिनीत अडकून पडते. म्हणून जमीन उत्तम शेतीची आहे की नाही, हे आधी पारखावे.

अमेरिकेत १९७७ च्या खाणविषयक कायद्यानंतर यासाठी ठरीव कसोटी आली. खाणीचा परवाना मागणाऱ्याने जमिनीचा मातीनकाशा पाहायचा, तसेच ती घेण्यापूर्वीच्या दहा वर्षांपैकी निदान पाच वर्षे तिच्यात पीक होते का, हे दाखवायचे. आपल्याकडे अशी एकच व्याख्या नाही. चार-पाच कागद जुळवूनच निर्णय करावा लागतो.

पहिला कागद सातबारा. त्याच्या वरच्या भागात भोगवटादार वर्ग, जिरायत-बागायत क्षेत्र, पोटखराबा व आकार असतो. वर्ग २ असेल तर सक्षम अधिकाऱ्याच्या मंजुरीशिवाय सौदा करू नये. खालच्या भागात पिकांची नोंद असते. एका वर्षाचा उतारा पाहून भागत नाही. निदान दहा वर्षांचे उतारे काढावेत. खरिपात धान आणि रब्बीत लाखोळी, हरभरा किंवा गहू अशी नोंद सतत दिसत असेल, तर ती दुपिकी जमीन समजावी. भूसंपादनाच्या २०१३ च्या कायद्यानेही ओलिताची बहुपिकी जमीन अगदी नाइलाज असेल तरच घ्यावी, असे सरकारला बजावले आहे. खासगी खरेदीला ते कलम लागू नाही, पण अशा जमिनीकडे कसे पाहिले जाते ते त्यातून कळते.

दुसरी गोष्ट माती. या जिल्ह्यात कन्हार, मोरंड, खर्डी, सिहार, बर्डी ही नावे जुन्या बंदोबस्तापासून चालत आली आहेत. कन्हार काळी व भारी, बर्डी मुरमाड व हलकी. सिहार पिवळसर, रेताड. पाहणाऱ्याला ती हलकी वाटते, पण तलावाचे पाणी मिळाले की तीच धानाची चांगली बांधी होते. म्हणून नुसत्या डोळ्यांवर विसंबू नये. धंद्याच्या दृष्टीनेही एक हिशेब आहे. काळी माती पावसात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे तिच्यावरच्या भिंतींना तडे जातात आणि पायाचा खर्च वाढतो. शेतीला उत्तम असलेली कन्हार बांधकामाला अशी महाग पडते, तर बर्डीचा मुरूम शेडला बरा.

तिसरी गोष्ट पाणी. शेत माजी मालगुजारी तलावाखाली येते का, बावनथडी प्रकल्पाच्या लाभक्षेत्रात आहे का, हे पाटबंधारे कार्यालयात विचारावे. पाट शेतातून जात असेल तर तो बुजवून शेजाऱ्याचे पाणी तोडता येत नाही.

मग पडीत जमीन घ्यावी, असे कोणी म्हणेल. पण तेथेही जपावे. पूर्व विदर्भातील सहा जिल्ह्यांत पुष्कळ पडीत जमिनीवर 'झुडपी जंगल' अशी नोंद आहे. सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ रोजी ही जमीन वनजमीनच असल्याचा निर्णय दिला. तेव्हा झाडे नसली तरी ती नोंद असलेल्या तुकड्यावर शेडचे स्वप्न पाहू नये.

परवानगीचे नियमही बदलत आले आहेत. १९६६ च्या जमीन महसूल संहितेने शेतीखेरीज वापरासाठी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आवश्यक केली. १९९४ मध्ये खऱ्या औद्योगिक वापराला अटींवर सूट मिळाली. पुढे २०१७ मध्ये प्रादेशिक योजनेतील जमिनींसाठी व २०१९ मध्ये गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतील जमिनींसाठी प्रक्रिया सुलभ झाली. सूट ऐकून बांधकामाला हात घालू नये. आपला गट कोणत्या क्षेत्रात दाखवला आहे, ते नगररचना कार्यालयातून लेखी घ्यावे आणि आजचा नियम तहसीलमध्ये विचारावा. विदर्भाच्या १९५८ च्या कूळवहिवाट कायद्याचे शेतकरी नसलेल्या खरीददारावरील बंधनही तपासावे.

आमची सूचना एवढीच : आधी दहा वर्षांचे सातबारे, मग माती, मग पाणी, मग नगररचनेचा दाखला. एवढे झाल्यावरच इसारपत्र करावे, आणि परवानगी न मिळाल्यास बयाणा अमुक मुदतीत परत मिळेल, ही अट त्यात लिहून घ्यावी. तोंडी शब्दावर राहू नये. जेथे दोन पिके निघतात ती बांधी शेतकऱ्याकडेच राहू द्यावी आणि मुरमाड तुकडा आपण शोधावा. त्यात शेजाऱ्याचे धान टिकते आणि आपली शेडही.