ससा, शिंका आणि कूलरचा वारा

घरात कुणाला ॲलर्जी असेल तर ससा बाहेर ठेवा, हा सल्ला कुठंही मिळतो. नागपुरात तो फार तर फेब्रुवारीपर्यंत चालतो. मे २०१३ मध्ये इथं ४७.९ अंश नोंदले गेले. तो विक्रम सोडला तरी साध्या मे महिन्यातही पारा ४४-४५ वर जातोच, आणि सशाला तिशीच्या आसपासच त्रास सुरू होतो. त्याला आपल्यासारखा घाम येत नाही, अंगातली उष्णता तो मुख्यतः कानांतून बाहेर टाकतो. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ तापल्या दिवसांत, गॅलरीतला ससा वाचणं कठीण. म्हणजे तो घरात येणार हे ठरलेलं. घरात नेमका कुठं, एवढंच ठरवायचं.

त्याआधी शिंका कशाच्या ते शोधा. दोष सगळे केसांना देतात, पण त्रास होतो तो सशाच्या लाळेतल्या, कोंड्यातल्या आणि लघवीतल्या प्रथिनांचा. ससा मांजरासारखा दिवसभर अंग चाटतो. लाळ केसांवर वाळते आणि तिचे बारीक कण हवेत तरंगत राहतात. त्यामुळे आखूड केसांची जात आणून सुटका होत नाही. आंघोळ घालणं हा तर उपायच नव्हे. भिजलेला ससा गारठून, घाबरून दगावू शकतो.

आणि पुष्कळदा ससा निर्दोषच असतो. त्याचं मुख्य अन्न वाळलेलं गवत, आणि त्या गवतात धूळ, परागकण, पावसाळ्यात बुरशी. मोकळ्या प्लॉटवरून कापून आणलेल्या चाऱ्यात गाजरगवतही येतं. १९५०च्या दशकात पुण्यात पहिल्यांदा नोंदलं गेलेलं हे तण नाकाला आणि कातडीला दोन्हीकडून छळतं. गवताचं पोतं उघडताना शिंका जास्त येतात की ससा मांडीवर असताना, हे आठवडाभर नीट बघा. पोत्याजवळच येत असतील तर गवत गच्चीवर झटकून, कोरडं ठेवून बराच फरक पडतो. पक्कं कळायला त्वचेवरची टोचणी चाचणी असते. तिच्याआधी ॲलर्जीच्या गोळ्या काही दिवस बंद ठेवाव्या लागतात, त्या डॉक्टरांना विचारूनच. काही जण ससा दोन दिवस शेजारी ठेवून पाहतात. त्यातून काही कळत नाही, कारण कण घरातच राहिलेले असतात. त्यापेक्षा रुग्णालाच आठवडाभर मावशीकडे धाडा.

आता जागा. नागपुरी उन्हाळ्याचा कारभार कूलरवर चालतो आणि कूलर एसीसारखा नसतो. तो बाहेरची हवा ओल्या ताट्यांतून आत ओढतो आणि घरातली हवा समोरच्या खिडकीतून बाहेर ढकलतो. सगळ्या घरातून वाऱ्याचा एक ओघ वाहत असतो. सशाचा पिंजरा कूलरसमोर ठेवलात तर त्याचे कण थेट आतल्या खोल्यांत जातात, आणि नेमका तिथंच दम्याचा रुग्ण झोपलेला असतो. म्हणून ससा त्या ओघाच्या शेवटी हवा, जिथून हवा घराबाहेर पडते त्या खिडकीपाशी. अगरबत्ती पेटवून धूर कुठं जातो ते पाहिलं की जागा सापडते. तिथं गारवा कमी पडला तर शहाबादी फरशीचा तुकडा ओला करून द्या, कापडात गुंडाळलेली बर्फाची बाटली शेजारी ठेवा. ताट्या मात्र दर हंगामात बदला. जुन्या ताट्यांत बुरशी धरते आणि आळ सशावर येतो.

स्प्लिट एसीची गोष्ट उलटी. तो तीच हवा फिरवत राहतो, त्यामुळे ससा आणि रुग्ण एकाच एसीच्या खोलीत हा सगळ्यात वाईट बेत. एअर प्युरिफायर, म्हणजे हेपा फिल्टरवाला, बंद खोलीतच कामाचा. कूलर चालू असताना खिडक्या उघड्या, तेव्हा त्याच्यावर पैसे घालण्यात अर्थ नाही. हिवाळ्यात ससा खुशाल गॅलरीत राहतो. रात्री वारा अडवा, आणि मांजर-मुंगसासाठी जाळी भक्कम लावा.

झोपायची खोली बाराही महिने सशाला बंद. सशाच्या लघवी-लेंड्यांचा ट्रे रोज साफ करायचा तो ज्याला ॲलर्जी नाही त्यानं. ट्रेमध्ये लाकडाचा भुसा नको, त्याचीच धूळ उडते, वर्तमानपत्र बरं. ऋतू पालटताना केस झडतात तेव्हा विंचरणं गॅलरीत उरकावं. अंगावर नेहमीपेक्षा जास्त कोंडा दिसला तर तो माइट्समुळेही असू शकतो, आणि त्यांनी माणसालाही खाज सुटते. अशा वेळी सेमिनरी हिल्सवरच्या पशुवैद्यक महाविद्यालयात दाखवा. घरात कुत्र्याचा गोचिडांचा स्प्रे पडला असेल तर तो मारू नका. त्यात फिप्रोनिल असलं तर ते सशाच्या जिवावर बेततं.

छातीत घरघर, रात्री दम लागणं सुरू झालं असेल तर मात्र जागेची ही गणितं पुरे. ससा दुसऱ्या घरी द्यावा, फुटाळा तलावाच्या काठी सोडून येऊ नये. पाळीव ससा तिथं कुत्र्यांच्या तोंडी जाईल. ससा दुसऱ्या घरी गेल्यावर पडदे, सोफ्याची खोळ, चादरी गरम पाण्यात धुवा. तरीही त्रास लगेच थांबला नाही म्हणून औषध बदलायची घाई नको. मांजराचे कण मांजर गेल्यावरही घरात महिनोन् महिने सापडतात. सशाच्या बाबतीतही तेवढा धीर धरायची तयारी ठेवा.