विमानकक्षातील लक्षविचलन आणि उंचीविषयक चुका

हवाई वाहतूक नियंत्रकाने नेमून दिलेल्या किंवा नकाशात निश्चित केलेल्या उंचीपेक्षा विमान वर अथवा खाली जाणे, यास विमान वाहतुकीत उंचीविषयक चूक असे म्हणतात. अशा अनेक चुकांच्या वेळी विमान सुस्थितीत असते; वैमानिकांचे लक्ष मात्र दुसऱ्या कामात गुंतलेले असते किंवा आपण नेमके कोठे आहोत याविषयी त्यांचा समज चुकीचा असतो. विमान वाहतुकीत उंची जगभर बहुतांशी फुटांत मोजली जाते.

उंचीचे मापन

उंचीमापक हे उपकरण हवेचा दाब मोजून त्यावरून उंची दाखवते. अधिक उंचीवर सर्व विमाने १०१३.२५ हेक्टोपास्कल हा प्रमाण दाब आधार धरतात. खाली उतरताना त्याऐवजी स्थानिक दाब लावावा लागतो. समुद्रसपाटीजवळ एका हेक्टोपास्कलचा फरक सुमारे २७ फुटांइतका असतो. पावसाळ्यात मुंबईचा दाब १००३ हेक्टोपास्कल असताना वैमानिक हा बदल करण्यास विसरला, तर विमान उंचीमापकावर दिसते त्यापेक्षा सुमारे २८० फूट खाली असते.

लक्षविचलनाची कारणे

उतरण्याच्या टप्प्यात नियंत्रकाशी संभाषण, वेग कमी करणे, चाके बाहेर काढणे, हवामान पाहणे आणि तपासणी-यादी वाचणे ही कामे थोड्या वेळात एकवटतात. ऐकलेला आकडा उपकरणात चुकीचा भरला जाणे, दुसऱ्या विमानासाठीची सूचना आपली समजणे आणि स्वयंचलित यंत्रणेवर विसंबून उंचीमापकाकडे दुर्लक्ष होणे हे चुकांचे नेहमीचे प्रकार होत. एखादा किरकोळ बिघड झाल्यास दोन्ही वैमानिक त्यातच गुंतून पडण्याचा धोका असतो.

भूप्रदेश आणि किमान सुरक्षित उंची

डोंगराळ प्रदेशात मार्गालगतच्या सर्वांत उंच अडथळ्यापासून सामान्यतः किमान २,००० फूट अंतर राखले जाते. इतरत्र ते १,००० फूट असते. पालघर जिल्ह्यातील जव्हार व मोखाडा तालुक्यांच्या भूरचनेवरून या नियमाचे महत्त्व लक्षात येते. मोखाड्याच्या पूर्वेस नाशिक जिल्ह्यात त्र्यंबकेश्वरचा ब्रह्मगिरी सुमारे ४,२०० फूट उंच आहे. जव्हार सुमारे १,५०० फुटांवर आहे, तर मुंबई विमानतळ जवळजवळ समुद्रसपाटीवर आहे. त्र्यंबकेश्वर ते जव्हार हे सरळ रेषेतील अंतर सुमारे ३० किलोमीटर आहे. ताशी ४६० किलोमीटर वेगाचे विमान ते चार मिनिटांत कापते. म्हणजेच पूर्वेकडून येणाऱ्या वैमानिकाचा स्वतःच्या स्थानाविषयीचा अंदाज चार मिनिटांनी चुकला, तर जव्हारच्या पठारावर सुरक्षित ठरणारी उंची ब्रह्मगिरीजवळ प्राणघातक ठरू शकते. रात्री किंवा पावसाळी ढगांत डोंगर दिसत नसल्याने नकाशातील आकडा पाळणे हाच उपाय उरतो.

उल्लेखनीय घटना

सह्याद्रीच्या याच रांगेत, आणखी दक्षिणेस, ७ जुलै १९६२ रोजी मध्यरात्रीनंतर अलिटालिया कंपनीचे डीसी-८ विमान जुन्नरजवळच्या डोंगरावर आदळले. ते बँकॉकहून मुंबईस येत होते. विमानातील सर्व ९४ जण मरण पावले. आपण मुंबईच्या अधिक जवळ आलो आहोत असे समजून वैमानिकाने वेळेआधी विमान खाली आणले, असा चौकशीचा निष्कर्ष होता. किमान सुरक्षित उंचीचे उल्लंघन, उपलब्ध दिशादर्शक साधनांचा वापर न करणे आणि भूप्रदेशाची अपुरी माहिती ही कारणेही नोंदवली गेली. हा अपघात लक्षविचलनापेक्षा स्थानाविषयीच्या चुकीच्या समजाचे उदाहरण मानला जातो.

लक्षविचलनाचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे २९ डिसेंबर १९७२ रोजी अमेरिकेत मायामीजवळ झालेला ईस्टर्न एअरलाइन्सचा अपघात. पुढच्या चाकाचा सूचक दिवा न लागल्याने चालक दल त्याच्या दुरुस्तीत गुंतले. त्यादरम्यान स्वयंचलित यंत्रणेचे उंची राखण्याचे काम नकळत थांबले आणि विमान २,००० फुटांवरून हळूहळू दलदलीत उतरले. १०१ जण मृत्युमुखी पडले.

१२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील चरखी दादरीजवळ कझाकस्तानचे विमान नेमून दिलेल्या १५,००० फुटांखाली आल्याने समोरून येणाऱ्या सौदी विमानावर आदळले. त्यात ३४९ जणांचा मृत्यू झाला.

२६ मे २०१० रोजी एअर इंडिया एक्सप्रेसच्या दुबई-पुणे विमानात मुख्य वैमानिक कक्षाबाहेर गेला असता, सहवैमानिकाकडून आसन सरकवताना नियंत्रणदांडा ढकलला गेला. विमान सुमारे ७,००० फूट खाली आले. मुख्य वैमानिकाने परत येऊन ते सावरले. ८ ऑगस्ट २०१४ रोजी जेट एअरवेजचे मुंबई-ब्रुसेल्स विमान तुर्कस्तानावर असताना सुमारे ५,००० फूट खाली आले. त्या वेळी मुख्य वैमानिक विश्रांती घेत होता आणि सहवैमानिक टॅबलेटवर काम करत होता. या दोन्ही घटनांत जीवितहानी झाली नाही.

प्रतिबंधक उपाय

अमेरिकेत १९८१ पासून १०,००० फुटांखाली उड्डाणाशी संबंध नसलेले संभाषण व काम करण्यास वैमानिकांना मनाई आहे. इतर देशांतही असे नियम रूढ झाले. कक्षातील कामाची विभागणी केली जाते: एक वैमानिक विमान चालवतो, तर दुसरा उपकरणांवर लक्ष ठेवतो. नियंत्रकाने सांगितलेली उंची वैमानिकाने परत उच्चारणे आणि ती गाठण्यास १,००० फूट उरले असता मोठ्याने सांगणे हेही सर्वत्र पाळले जाते. जमिनीच्या सान्निध्याचा इशारा देणारी यंत्रणा १९७० च्या दशकापासून प्रवासी विमानांत बसवली जाऊ लागली. चरखी दादरीच्या अपघातानंतर भारतात टक्करप्रतिबंधक यंत्रणाही सक्तीची करण्यात आली.

या यंत्रणांनाही मर्यादा आहेत. मायामीच्या विमानात उंची घटू लागताच सूचक घंटा वाजली होती. मात्र दिव्याच्या दुरुस्तीत गुंतलेल्या चालक दलापैकी कोणीही तिची दखल घेतली नाही. म्हणूनच, अडचण कोणतीही असली तरी एका वैमानिकाने केवळ विमान उडवण्याकडेच लक्ष द्यावे, हे तत्त्व वैमानिकांच्या प्रशिक्षणात आवर्जून शिकवले जाते.