काठी, सावली आणि विज्ञानशिक्षक

'दुपारी बाराला सूर्य डोक्यावर येतो' असे आपण सहज बोलून जातो आणि विद्यार्थीही तेच लक्षात ठेवतात. प्रत्यक्षात बोर्डी येथे सूर्य वर्षातून केवळ दोनदा बरोबर डोक्यावर येतो आणि तेव्हाही घड्याळात बारा वाजलेले नसतात. ज्या शिक्षकाने अंगणात काठी उभी करून हे स्वतः पाहिले आहे, त्याच्या वर्गात हा विषय जिवंत होतो. ज्याने केवळ पुस्तकात वाचले आहे, त्याच्या वर्गात तो एका गुणाचा प्रश्न होऊन राहतो. भौतिकशास्त्र व अवकाशविज्ञान शिकविणाऱ्या शिक्षकांना प्रशिक्षण का हवे, याचे उत्तर या फरकात आहे.

डहाणू व तलासरी तालुक्यांतील अनेक आदिवासी कुटुंबांत शिक्षणाची परंपरा अद्याप नवीन आहे. 'उपकरणे नाहीत म्हणून प्रयोग नाहीत' असे म्हटले, तर सर्वांत मोठे नुकसान या मुलांचे होते. या अडचणीवर याच भूमीत एकदा मार्ग शोधला गेला होता. १९४५ साली ताराबाई मोडक यांनी बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. १९५७ मध्ये हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. माँटेसरी पद्धतीची महाग साधने खेड्याला परवडणारी नव्हती. म्हणून शिंपले, खडे, बिया व पाने हीच शैक्षणिक साधने झाली. ते कार्य बालशिक्षणाचे होते. परंतु तेच तत्त्व माध्यमिक शाळेतील विज्ञानालाही लागू पडते.

एक मीटर लांबीची काठी ओळंब्याने सरळ उभी करावी व दुपारची सर्वांत आखूड सावली मोजावी. बोर्डी सुमारे २० अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे कर्कवृत्ताच्या दक्षिणेस आहे. त्यामुळे २२ डिसेंबरच्या सुमारास ही सावली सुमारे ९५ सेंटिमीटर, तर २१ मार्च व २३ सप्टेंबरच्या सुमारास सुमारे ३७ सेंटिमीटर भरते. २०-२१ मे आणि २३ जुलैच्या सुमारास ती नाहीशी होते. या दोन तारखांच्या मधल्या काळात सूर्य उत्तरेकडे असल्याने दुपारची सावली दक्षिणेला पडते. भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशाची आहे. बोर्डी त्याच्या सुमारे दहा अंश पश्चिमेस असल्याने मे महिन्यातील ही वेळ साधारण बारा वाजून पस्तीस मिनिटांनी येते.

मे महिन्यात शाळेला सुट्टी असते आणि जुलैत आकाश ढगाळ असते. म्हणून शिक्षकाने केवळ त्या दिवसावर विसंबू नये. जून सोडून प्रत्येक पंधरवड्याची नोंद ठेवावी. कोल्हापूरच्या एखाद्या शाळेने त्याच दिवशी तिथली सर्वांत आखूड सावली मोजली, तर सूर्याच्या उंचीत सुमारे ३.४ अंशांचा फरक दिसेल. दोन्ही ठिकाणांमधील उत्तर-दक्षिण अंतर सुमारे ३८० किलोमीटर आहे. एवढ्यावरून पृथ्वीचा परीघ सुमारे ४०,००० किलोमीटर येतो.

ख्रिस्तसभेलाही ही मोजणी परकी नाही. ईस्टरची तारीख वसंत विषुवदिनावर अवलंबून असते. इटलीतील बोलोन्या शहरातील संत पेत्रोनियो यांच्या मंदिरात १६५५ साली खगोलशास्त्रज्ञ कॅसिनी यांनी छतातील छिद्रातून येणारा सूर्यकिरण टिपण्यासाठी जमिनीवर रेषा आखली होती.

शिक्षकांच्या साहाय्यासाठी महाराष्ट्रात मोठ्या संस्था आहेत. मुंबईत मानखुर्द येथील होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राची स्थापना १९७४ मध्ये झाली. त्याच दशकात केंद्राने जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसरात ग्रामीण शाळांतील शिक्षकांसोबत कार्य केले. डॉ. जयंत नारळीकर यांनी १९८८ मध्ये उभारलेल्या पुण्याच्या 'आयुका' संस्थेत मुलांसाठी विज्ञानकेंद्र आहे. तेथे अनेक वर्षे कार्य केलेल्या अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंपासून विज्ञानाची खेळणी बनविण्याची कृती व अनेक मराठी पुस्तके इंटरनेटवर विनामूल्य उपलब्ध करून दिली आहेत.

मात्र साहित्य मिळाले की प्रशिक्षण पूर्ण झाले, असे नव्हे. परिसरातील चार-पाच शाळांच्या शिक्षकांनी महिन्यातून एकदा एकत्र यावे, प्रयोग आधी स्वतः करावा आणि मापे जुळली नाहीत तर त्याचे कारण शोधावे. काठी तिरपी होती की जमीन उताराची होती, हे शिक्षकाने स्वतः शोधले असेल, तर विद्यार्थ्याचे उत्तर पुस्तकाशी जुळले नाही म्हणून तो त्यावर लाल रेघ ओढणार नाही. तो त्याला पुन्हा मोजायला सांगेल.