गाडी लागली, की गाडी गळते आहे?

परदेशी मुलाकडे किंवा लेकीकडे उन्हाळा घालवायला गेलेल्या आपल्यापैकी काहींच्या वाट्याला कधीतरी कॅम्पर व्हॅनमधली सहल येते. झोपायला बिछाना, चहाला शेगडी, खिडकीबाहेर समुद्र. गुडघे दुखणाऱ्या माणसाला याहून सुखाचा प्रवास कोणता? हौशी मंडळींना त्यातही १९७०च्या दशकातली, गोल दिव्यांची फोक्सवॅगन हवी असते.

तिच्या देखणेपणाबद्दल वाद नाही. मात्र तिचे इंजिन मागे असते, पेट्रोलची टाकी त्याला लागूनच असते, आणि आपल्या बिछान्याचा एक भाग नेमका त्यांच्यावर अंथरलेला असतो. टाकीतून इंजिनापर्यंत पेट्रोल जाते ते रबरी नळ्यांतून. उष्णतेने रबर कडक होते, त्याला भेगा पडतात. कापडी विणीने मढवलेली जुन्या पद्धतीची नळी तर फसवीच. वरून धडधाकट दिसते आणि आतून भेगाळलेली असते. नळी पत्र्याच्या भोकातून जाते तेथील रबरी कडे गळून पडले असेल, तर पत्र्याची धार तिला रोज थोडी थोडी कापत राहते. त्यात आता इथेनॉलची भर. इंग्लंडमध्ये सप्टेंबर २०२१पासून साध्या पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आणि जुन्या नळ्या त्यासाठी बनवलेल्या नव्हत्या. जुन्या गाड्यांत ५ टक्क्यांचेच पेट्रोल भरावे, असा तेथील सरकारचाही सल्ला आहे.

गळलेल्या पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती तळाशी साचते आणि एका ठिणगीने पेटते. यांतील अनेक इंजिनांचा सांगाडा मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा असतो. तो एकदा पेटला, की पाण्याने विझत नाही, उलट भडकतो.

हे सारे वाहनदुरुस्तीच्या मासिकात शोभावे असे आहे, हे खरे. पण त्यात आपल्या वयाचा एक प्रश्न दडलेला आहे. साठीनंतर घ्राणशक्ती हळूहळू मंदावते; पार्किन्सन आणि अल्झायमर या विकारांत ती पुष्कळदा लवकरच क्षीण होते. तीक्ष्ण नाकसुद्धा तोच वास काही मिनिटे घेतल्यावर त्याला सरावते. म्हणून वासाची परीक्षा गाडीत बसल्या बसल्या होत नाही. थांब्यावर उतरावे, मोकळ्या हवेत थोडे फिरावे आणि परत चढताना घरातल्या तरुण माणसाला मुद्दाम हुंगायला सांगावे. दुसरे असे, की डोके दुखणे, गरगरणे, मळमळणे ही पेट्रोलच्या वाफेचीही लक्षणे आहेत. आपण मात्र ‘गाडी लागली’ म्हणतो आणि आवळासुपारी तोंडात टाकतो. खाली उतरताच बरे वाटत असेल आणि आत बसताच पुन्हा तसेच होत असेल, तर गाडीची तपासणी होईपर्यंत पुढे जाऊ नये. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला हे सांगता येत नाही. त्याची अस्वस्थता काळजीवाहकानेच वाचायची असते.

निघण्यापूर्वी ‘नळ्या केव्हा बदलल्या?’ हे मालकाला संकोच न करता विचारावे. बहुतेक चांगल्या नळ्यांवर निर्मितीचे वर्ष छापलेले असते. या व्हॅनला सरकता दरवाजा बहुधा एकाच बाजूला असतो. ज्यांना उठायला वेळ लागतो त्यांची जागा त्याच्याजवळ असावी, आणि वॉकर कधीही दाराच्या वाटेत ठेवू नये. अग्निशामक नळकांडे पुढे, चालकाच्या हाताशी हवे. मागे इंजिनाजवळ ठेवलेले नळकांडे वेळेला कुणाच्याच उपयोगी पडत नाही.

धूर दिसला, तर किल्ली बंद करून सर्वांनी उतरावे, दूर जावे. इंजिनाचे झाकण उघडू नये. आत शिरलेल्या हवेने आग उसळते. मदतीसाठी इंग्लंडमध्ये ९९९, जर्मनीत ११२. औषधांच्या पिशवीसाठी मागे फिरण्याचा मोह आपल्या पिढीला फार. त्यापेक्षा दिवसभराच्या गोळ्या आणि पासपोर्ट कमरेच्या बटव्यातच बाळगावेत.

कुणाला भाजलेच, तर त्या जागेवर २० मिनिटे साधे गार पाणी वाहू द्यावे. हळद, टूथपेस्ट, बर्फ काहीही लावू नये. वृद्धांची त्वचा पातळ असल्याने लहान दिसणारी जखमही खोल असू शकते, तेव्हा ती डॉक्टरांना दाखवावीच. पाणी ओतताना बाकीचे अंग मात्र शालीने झाकून ठेवावे; म्हातारे शरीर लवकर गारठते.