नळीचा आहार (लेखांक ५) : नवतपा आणि पावडरीचा डबा

पावडर पाण्यात किती पातळ कालवायची, ते गेल्या आठवड्यात पाहिलं. आजचा प्रश्न आहे डबा घरात कुठे ठेवायचा. पुण्यात तो दोन ओळींत संपला असता, नागपुरात संपत नाही.

डब्यावर ‘थंड, कोरड्या जागी ठेवा’ असं छापलेलं असतं, बरेचदा २५ अंशांची मर्यादाही. छापणाऱ्यानं आपला नवतपा पाहिलेला नसावा. मे २०१३ मध्ये इथे पारा ४७.९ वर गेला होता. एरवीही मेमधले ४४-४५ अंश आपण गृहीतच धरतो, आणि स्लॅब तर रात्रीही गरम असतो. माळ्यावरच्या डब्याच्या वाट्याला पाऊस येईपर्यंत २५ अंश येत नाहीत.

उन्हानं क्षार उडून जात नाहीत. जीवनसत्त्वांचं मात्र प्रत्येकाचं दुखणं वेगळं. ‘ब-१’ला उष्णता सोसत नाही, ‘अ’ आणि ‘ब-२’ला उजेड. सगळ्यांत नाजूक ‘क’. हवेतल्या प्राणवायूनं ते नासतं, आणि लोह व तांबं या कामाला वेग देतात. हे दोन्ही धातू रुग्णाला हवेत म्हणून त्याच पावडरीत घातलेले असतात, म्हणजे वैरी घरातच! नायसिन त्या मानानं चिवट.

ही गळती कंपन्यांना ठाऊक असते. म्हणून मुदत संपेपर्यंत लेबलवरचा आकडा टिकावा, इतकं जीवनसत्त्व आधीच जास्तीचं घालतात. पण तो हिशेब सीलबंद, सांगितल्या तापमानात ठेवलेल्या डब्याचा. सील फोडलं की छापील तारीख विसरायची. पुढे बहुतेक पावडरींना तीन-चार आठवडेच मिळतात. नेमकं लेबलवर पाहावं आणि फोडल्याची तारीख झाकणावर लिहावी. स्वस्त पडतो म्हणून मोठा डबा आणण्यात मला तरी शहाणपण दिसत नाही.

आता खास इथली चूक. डबा तापू नये म्हणून तो कूलरसमोर ठेवतात. कूलर गारव्याबरोबर ओलही फेकतो, आणि ओलसर पावडरीत ‘क’ अधिक झपाट्यानं जातं. फ्रीजमधून सारखा आत-बाहेर करणंही तितकंच वाईट, कारण गार डब्यात बाहेरची वाफ धरते. आतल्या खोलीतलं खालचं कपाट, शेगडीपासून लांब, घट्ट झाकण, कोरडा चमचा, हे बरं. रुग्णाच्या खोलीत एसी चालत असेल तर तिथेच ठेवा. पाणी उकळून कोमट झाल्यावरच पावडर घालावी.

कालवलेलं मिश्रण बाहेर चार तासांपेक्षा जास्त ठेवू नये. झाकून फ्रीजमध्ये २४ तास चालतं. ही मर्यादा मुख्यतः जंतूंसाठी आहे, तेव्हा तिथे सवलत नाही.

‘क’ भरून काढायला संत्र्याचा रस मिश्रणात ओतण्याचा मोह नागपूरकराला होणारच. आंबटपणानं प्रथिनं फाटतात आणि नळी तुंबते. द्यायचाच तर डॉक्टरांना विचारून, वेगळा, आधी-नंतर पाणी सोडून.

चार दिवसांपुरती नळी असेल तर यातलं फारसं काही मनाला लावून घेऊ नका. पण पक्षाघातानंतर महिनोन्‌महिने नळीवरच असलेल्या माणसाला दुसरं ताट नाही. शरीरातला ‘ब-१’चा साठा दोन-तीन आठवड्यांत सरतो, ‘क’चा काही महिन्यांत. हिरड्यांतून रक्त, न भरणारी जखम, वाढता अशक्तपणा दिसला तर डॉक्टरांना डबा कुठे आणि किती दिवस ठेवला होता, तेही सांगा.

(पुढील आठवड्यात : नळीतून गोळ्या देताना)